कस्टममध्ये अडकलेली लिफ्ट

आमच्या इमारतीची लिफ्ट मेली तेव्हा मी तिच्या पोटात होतो. हातात अंड्यांचा ट्रे होता. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये तिने एक लांब उसासा टाकला, एक हिसका दिला आणि दिवा घालवून ती कायमची गप्प झाली. मला बाहेर काढायला अख्खी इमारत जमली. पाचव्या मजल्यावरच्यांचं म्हणणं पडलं, आधी पाय बाहेर काढा. सहाव्यावरचे म्हणाले, छे छे, आधी डोकं. मला कुणी विचारलंच नाही. माझी बायको इन्शिराह जिन्यातून ओरडत होती, "आधी अंडी घ्या हो! अंडी!" शेवटी अंडी सहाव्या मजल्याने वर ओढून घेतली आणि मला पाचव्याने खाली. अंडं एकही फुटलं नाही. माझी पँट मात्र अशा जागी फाटली की पुढचे दोन मजले मी भिंतीला पाठ लावूनच चढलो.

मिस्त्री बयूमीने लिफ्ट तपासली. हा माणूस यंत्राकडे डॉक्टर रोग्याकडे बघतो तसा बघतो, आणि घरच्यांना बातमीही तशीच देतो.

"मोटर गेली," तो टोपी काढून म्हणाला. "बनवणारा कारखाना मी शाळेत होतो तेव्हाच बंद पडला. नवी मोटर या खोबणीत बसायची नाही. खोबण मोठी करायची तर इमारत पाडावी लागेल."

"इमारत न पाडता काही होईल का?" मी विचारलं.

"होईल. माझा मेहुणा इटलीत असतो. तिकडे जिनोव्हाला एक जुनं हॉटेल पाडतायत. तिथे हिचीच सख्खी बहीण आहे, धडधाकट."

मग जिन्यात सभा भरली. जिन्यात अशासाठी, की वरचे खाली उतरायला तयार नव्हते आणि खालचे वर चढायला. चौथ्या मजल्याचा वळसा सगळ्यांना मान्य झाला. फक्त एक माणूस तिथवरही येऊ शकत नव्हता. आठव्या मजल्यावरचे कप्तान सनूसी. उभा जन्म त्यांनी बंदरात परदेशी जहाजं धक्क्याला आणून लावली आणि आता दोन्ही खुबे निकामी. जिना त्यांना वर्ज्य. लिफ्ट गेली त्या दिवसापासून ते आठव्या मजल्यावर नांगर टाकून बसले होते. सभेत ते जिन्याच्या पोकळीतून, वरून भाग घेत होते.

"खाली काय ठरतंय? मोठ्याने बोला! तुमच्या आवाजाला वारा लागत नाही!"

त्यांच्या तावातावाला कारण होतं. त्यांची नात शाहंदा, आईबापांवेगळी पोर, आजोबांनीच वाढवलेली, तिचं लग्न वसंतात ठरलं होतं. निकाहाला तिच्या बाजूने हातात हात द्यायचा तो कप्तानांनीच, असं तिने सासरी ठणकावून सांगितलं होतं. आजोबांना चादरीत घालून खाली आणू, असं कुणीतरी सुचवलं तेव्हा कप्तानांनी वरून चप्पल फेकली होती. "चादरीतून मी एकदाच जाणार आहे, आणि त्या दिवशी लग्न नसेल!"

इथे मी उभा राहिलो. म्हणजे उभा होतोच, दोन पायऱ्या वर चढलो.

आता हे सांगायला हवं की मी आमच्या बंदराच्या सुलभीकरण विभागाचा उपप्रमुख आहे. हा विभाग कशासाठी, तर कागद कमी करण्यासाठी. पूर्वी एक खोकं सोडवायचं तर माणूस टेबलाटेबलावरून सह्या गोळा करत फिरायचा, आणि शेवटच्या टेबलाशी पोचेपर्यंत पहिल्या टेबलावरचा साहेब निवृत्त व्हायचा. ते सगळं बंद करून आम्ही 'एक खिडकी' आणली होती. एक पडदा, एक बटण, ना शिक्का ना फाईल. त्या पडद्यावरचे निम्मे प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेले होते. रात्री झोपेत मी ते बडबडतो असं इन्शिराह म्हणते, पण तिचं सगळंच खरं धरायचं नसतं.

"मंडळी," मी म्हणालो, आणि माझा आवाज आनंदाने चिरकला, "मोटर मागवा! सकाळी जहाज धक्क्याला, संध्याकाळी माल घराला! कागदाचा कपटा लागणार नाही!"

पहिल्या मजल्यावरचे शुक्री वकील आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा पुसला. "उस्ताद वग्दी, त्यापेक्षा बंदरात कुणी ओळखीचा माणूस गाठावा."

"अहो, ओळखीचा माणूस मीच!"

"म्हणूनच म्हणतो. दुसरा एखादा."

लोक हसले. इन्शिराहही हसली, तेही मी बघितलं. पण वरून कप्तानांचा आवाज आला, "वग्दी! लग्नाच्या आधी?"

"कप्तान, लग्नाला तुम्ही लिफ्टमध्ये बसून खाली उतरणार! ही माझी जबान!"

"ऐकलं रे!" आठव्या मजल्यावरून उत्तर आलं, आणि त्या दोन शब्दांत इतका आनंद होता की मला माघार घ्यायची सोयच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन हात चोळत खिडकी उघडली. स्वतः तयार केलेल्या खिडकीत स्वतःचा माल नोंदवायचा! आचाऱ्याने स्वतःच्या लग्नात जेवायला बसावं, तसं मला वाटत होतं.

पहिला प्रश्न आला: 'ही वस्तू माणसांची ने-आण करते काय?' मी प्रामाणिक माणूस. 'होय' दाबलं.

तत्काळ मोटर 'वाहन' या सदरात गेली. चाकं किती? मोटरीला दोर गुंडाळायचं एक मोठं चाक असतं. मी एक लिहिलं. आजवर किती किलोमीटर धावली? इथे मी बराच वेळ विचार केला. लिफ्ट जितकी वर जाते तितकीच खाली येते, म्हणजे हिशेबाने ती कुठेच गेलेली नाही. मी शून्य लिहिलं. मग पडद्यावर आलं: 'अभिनंदन! आपले एकचाकी वाहन नोंदवले गेले आहे. चालकाचा परवाना जोडा.'

शेजारच्या टेबलावर मादाम फिक्रिया बसल्या होत्या. या बाईंच्या ताब्यात आमच्या कचेरीचा गरुडाचा शिक्का. शिक्का म्हणजे सरकारचा गरुड हो, तो उमटल्याशिवाय आमच्या देशात माणूस जन्माला येत नाही आणि मरतही नाही. एक खिडकी आली आणि त्या गरुडाला कामच उरलं नाही. पण मादाम रोज सकाळी त्याला मऊ फडक्याने पुसत, शाईच्या गादीवर एकदा टेकवत आणि डबीत ठेवत.

"काय झालं वग्दीबाबा?" त्या म्हणाल्या. "खिडकीतून वारा येईना?"

"किरकोळ दुरुस्ती आहे."

"माझ्या वेळी मी 'सुटे भाग' लिहून ठोकला असता गरुड, आणि एव्हाना तुम्ही घरी चहा पीत असता."

मी दुर्लक्ष केलं. नोंद दुरुस्त करायची सोय होतीच. त्यासाठी सुलभीकरण विभागाच्या उपप्रमुखाकडे अर्ज करायचा होता. तो मी मला केला. पण नियम म्हणजे नियम, ओळखीपाळखीला मी कधी थारा दिलेला नाही. अर्जात कारण पुरेसं स्पष्ट नव्हतं, म्हणून मी तो मलाच परत पाठवला. दोनदा. तिसऱ्यांदा मात्र मी इतकं मुद्देसूद लिहिलं की मला मान्यता द्यावीच लागली. मोटर 'यंत्राचे सुटे भाग' झाली, आणि मी जिनोव्हाला कळवलं, सोडा जहाज!

जहाज आल्याची बातमी मला कचेरीतून नाही, आठव्या मजल्यावरून कळली. सकाळी मी दाढी करत होतो. कप्तान गॅलरीत दुर्बीण लावून बसलेले. एकदम त्यांची आरोळी आली, "आली रे आली! निळ्या धुराड्याची! वग्दी, तुझी मोटर बंदराच्या तोंडाशी आहे!" सगळ्या गॅलऱ्यांतून लोक डोकावले. माझ्या एका गालावर साबण होता, तसाच मी बाहेर येऊन हात हलवला. खालच्या रस्त्यावरून 'फूल' विकणाऱ्याने, आमच्याकडे फूल म्हणजे शिजवलेले घेवडे, टाळ्या वाजवल्या. असा दिवस माणसाच्या आयुष्यात क्वचित येतो. मी साबणासकट रडलो असतो.

कचेरीत पोचलो तर आमचे संचालक डॉक्टर आसिम दारातच उभे. औषधाचे डॉक्टर नव्हेत, कारभाराचे.

"वग्दी! तुझा स्वतःचा माल आलाय म्हणे? एक खोकं? इटलीहून? अरे, हे तर सोनं आहे!" त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. "कैरोहून बडे पाहुणे येतायत आपली खिडकी बघायला. त्यांच्यासमोर एखादा माल चुटकीसरशी सोडवून दाखवायचाय. तुझं खोकं! नमुन्याचं खोकं!"

माझी छाती फुगली. नमुन्याचं खोकं! "साहेब, आत्ता सोडवतो. बटण दाबतो आणि..."

"खुळा का तू? आत्ता सोडवलंस तर त्यांना काय दाखवशील? ते येईपर्यंत बोट लावायचं नाही."

"कधी येणार?"

"या आठवड्यात. फार तर पुढच्या."

अशा रीतीने आमच्या बंदरातला सगळ्यांत वेगवान माल, त्याचा वेग दाखवता यावा म्हणून, गुदामात थांबून राहिला. आजूबाजूची खोकी येत होती, जात होती. टोमॅटोचा रस गेला, सायकली गेल्या, तुर्की सतरंज्या गेल्या. माझं खोकं लाल फीत बांधून नवरीसारखं बसलेलं. पाहुण्यांना आधी ताप आला. मग कैरोत फुटबॉलचा सामना निघाला. मग वाळवंटातून खमसीनचं वादळ सुटलं, आकाश हळदीसारखं पिवळं झालं आणि विमानंच बंद पडली.

इमारतीत माझी अवस्था विचारू नका. "मोटर आलीय, पण ती नमुन्याची आहे," हे जिन्यात दम लागलेल्या माणसाला समजावून सांगून बघा एकदा. प्रत्येक मजल्यावर नवा सल्ला मिळे. तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, गुदामवाल्याला बासबूसा नेऊन द्या, रव्याची मिठाई, माझ्या हातची. चौथ्यावरचा म्हणाला, पाहुण्यांनाच कैरोहून गाडीने आणा. शुक्री वकील म्हणाले, "बंदरावर खटला भरू. तुम्ही फिर्यादी, आणि विभागातर्फे आरोपीही तुम्हीच. फी एकच घेईन." आणि रोज संध्याकाळी वरून कप्तान विचारत, "वग्दी, मोटर सुखरूप आहे ना?" बाकी काही नाही, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी वादळ शमलं आणि निरोप आला: पाहुणे गुरुवारी येतायत. मी उडी मारली आणि तसाच परत खाली बसलो. गुरुवारी संध्याकाळी शाहंदाचं लग्न होतं.

"लिफ्ट एका दुपारीत बसेल?" मी बयूमीला विचारलं.

बयूमीने टोपी काढली. त्याने टोपी काढली की मी समजतो.

"मोटर गच्चीवर चढवायलाच दुपार जाईल, उस्ताद. बसवायला पुढे आठवडा-दोन आठवडे."

मी हे कुणाला सांगितलं नाही. इन्शिराहला सांगितलं, पण तिला मी न सांगताही कळलं असतं. ती म्हणाली, "आधी मोटर तर आणा. म्हाताऱ्याला दिसू दे तरी. हात हलवत आलात तर मीच तुम्हाला चादरीत घालीन."

गुरुवारी गुदाम झाडून पुसून लख्ख झालं होतं. खुर्च्या मांडलेल्या, सरबतं भरलेली, भिंतीवर भला मोठा पडदा. कैरोचे पाहुणे आले. पाच-सहा जण, आणि त्यांचे म्होरके एक गोल चेहऱ्याचे, उत्साही गृहस्थ. डॉक्टर आसिमनी भाषण केलं. मी नवा पांढरा शर्ट घातला होता, इन्शिराहने कडक इस्त्री केलेला. मला खूण झाली. मी पुढे झालो, सगळ्यांकडे बघून हसलो आणि बटण दाबलं.

पडदा लाल झाला.

'माल अडवला आहे. खोक्यात नोंद न केलेले सजीव: मांजर एक, पिल्ले चार.'

आमचे पशुवैद्य डॉक्टर ममदूह लाजत उभे राहिले. त्यांनी सकाळीच तपासणी करून इमानेइतबारे नोंद केली होती. आम्ही खोक्याकडे धावलो. तपासणीसाठी कधीतरी उघडलेल्या फळीतून आत बघितलं, तर मोटरीच्या बाजूला, पेंढ्याच्या मऊ गादीवर, गुदामातली करडी मांजर आडवी पडलेली आणि तिच्या पोटाशी चार जीव. तिने आम्हा सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि जांभई दिली.

"काढा ती बाहेर!" डॉक्टर आसिम दबक्या आवाजात ओरडले.

"काढता येणार नाही," ममदूह म्हणाले. "परदेशी जनावर असेल तर आधी विलगीकरण."

"अहो, मांजर आपलीच आहे!"

"मांजर आपली. पिल्लांचं काय? गुदाम सीमेच्या आत नाही, साहेब. माल सुटेपर्यंत कायद्याने ही जागा देशाबाहेरची. पिल्लं देशाबाहेर जन्मली, इटालियन खोक्यात."

कैरोचे गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसले. "थांबा, थांबा! हा मुद्दा फार रंजक आहे. आई इथली असेल तर पिल्लांना आईचं नागरिकत्व मिळत नाही का?"

आणि मग काय! एक म्हणाला मिळतं, दुसरा म्हणाला बाप कोण ते बघावं लागेल. बाप तुर्की जहाजावरचा बोका असावा, असं एका हमालाने सांगितलं. त्यावर तिसऱ्याने तुर्कस्तानशी झालेल्या कराराचा विषय काढला. सरबतं संपली, चहा आला. मी घड्याळाकडे बघत होतो, दुपार सरत होती, आणि पाच शिकलेले लोक बोक्याच्या राष्ट्रीयत्वावर टेबल बडवत होते.

तेवढ्यात मागून मादाम फिक्रिया उठल्या. "मांजर कामावर आहे," त्या म्हणाल्या. "उंदरांसाठी ठेवलेली. तिच्या दुधाची मंजुरी मीच घेतलेली आहे, गरुडासकट. म्हणजे ती सरकारी नोकर. तेव्हा तिची पिल्लं इथलीच, वाद संपला."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही. पण डॉक्टर आसिम कारभाराचे डॉक्टर होते ना! ते कपाळाला हात लावून म्हणाले, "सरकारी नोकर? मग ती प्रसूतिरजेवर आहे! रजा संपेपर्यंत तिला जागेवरून हलवता येणार नाही. तिला नाही, म्हणजे खोक्याला नाही."

त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मोटरीचा वरचा दोर तुटावा तसं.

"साहेब!" मी ओरडलो. कचेरीत मी कधी ओरडलो नव्हतो, त्यामुळे आवाज थोडा मांजरासारखाच निघाला. "खोकं तिला राहू द्या! बाळंतपणाचा आहेर समजा! पेंढा ठेवा, फळ्या ठेवा, लाल फीतही ठेवा! मला फक्त मोटर द्या! आठव्या मजल्यावर एक म्हातारा माणूस सकाळपासून गणवेश घालून बसलाय. आज त्याच्या नातीचं लग्न आहे. मी त्याला जबान दिलीय, आणि मी, मी सुलभीकरण विभागाचा उपप्रमुख, एक मोटर सोडवू शकत नाही! हे प्रश्न मी लिहिलेत हो! या खिडकीची काच मी बसवली, आणि आता मीच तिच्यावर माशीसारखा डोकं आपटतोय!"

कैरोच्या गृहस्थांनी चहाचा पेला खाली ठेवला. "द्या त्यांना मोटर," ते म्हणाले.

"देतो," आसिम म्हणाले, "पण पडदा लाल आहे. आणि कागद तर आपण बंद केलेत. फाटकावर दाखवायला काय देणार?"

कागद नव्हताच. सगळ्या गुदामात कागदाचा कपटा नव्हता, पाहुणे येणार म्हणून मीच सकाळी सगळा हलवला होता. मादाम फिक्रियांनी इकडेतिकडे बघितलं, पर्समधून डबी काढली, माझा उजवा हात धरला आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर गरुड ठोकला. असा ठोकला की कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मग त्याखाली पेनाने लिहिलं, 'मोटर एक, सोडावी', आणि सही केली. बाईंच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

हमालांनी मोटर ट्रकवर चढवली. मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि फाटकाशी खिडकीतून हात बाहेर काढला. पहारेकऱ्याने बाही नीट वाचली, गरुड निरखला, मान डोलावली.

"ठीक आहे. पण मूळ प्रत इथे राहते."

"कसली मूळ प्रत?"

"ही." त्याने शर्टाला चिमटीत धरलं.

मी वाद घातला नाही. वाद घालायला वेळ नव्हता आणि शिवाय, खरं सांगायचं तर, नियम त्याच्याच बाजूने होता. मी शर्ट उतरवून दिला. समुद्राच्या कडेकडेने, बनियनवर, मोटर घेऊन मी घरी निघालो आणि मला इतका आनंद झाला होता की सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या अनोळखी माणसालाही मी हात केला.

इमारतीखाली सगळे जमले होते. इन्शिराह सातव्या मजल्याच्या गॅलरीतून वाकली. "अहो, शर्ट कुठाय?"

"कस्टममध्ये अडकला!"

बयूमीने गच्चीवर तुळई आणि कप्पी लावून ठेवली होती. बंदरातले चार हमाल दोराला लागले. इतक्यात आठव्या मजल्यावरून कप्तान सनूसी दिसले. पांढरा गणवेश, सोनेरी बटणं, छातीवर पदक. त्यांनी आधी मोटर बघितली, मग दोर बघितला, मग कप्पी. आणि त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की मला भीतीच वाटली.

"बयूमी! मोटर वर ओढायला जोर लागेल ना?"

"लागणारच, कप्तान!"

"मग दुसऱ्या टोकाला वजन लावा! मी आहे ना शंभर किलोचा!"

एकच गलका झाला. बयूमीने टोपी काढली, घातली, परत काढली. शुक्री वकील ओरडले, "याला कायद्यात तरतूद नाही!"

"मनाई आहे का?" कप्तान वरून गरजले.

वकिलांनी आयुष्यात पहिल्यांदाच फी न घेता विचार केला. "मनाईही दिसत नाही."

"अरे, भर समुद्रात, हलत्या जहाजाच्या कडेने, दोराच्या शिडीवरून चाळीस वर्षं चढलो-उतरलो मी! ही इमारत हलते का? नाही! मग खुर्ची आणा!"

खुर्ची आमच्या दिवाणखान्यातून गेली. सोनेरी नक्षीची, लाल मखमलीची, लग्नापासून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. पाहुणे आले तरी इन्शिराह त्यांना त्या खुर्चीवर बसू देत नसे. मी वर बघितलं तर ती स्वतःच प्लास्टिक टराटरा फाडत होती. "घसरतील ना ते!" ती म्हणाली.

बयूमीने चार ठिकाणी गाठी मारल्या, वर दुसरा राखीव दोर बांधला, कप्तानांना छातीशी आणि मांड्यांशी पट्ट्यांनी आवळलं. हमालांनी पाय रोवले. मी खाली बनियनवर उभा होतो. काही झालं तर? जबान मी दिली होती.

"सोडा!" कप्तान म्हणाले.

मोटर जमिनीवरून उचलली गेली, आणि आठव्या मजल्याच्या कठड्याबाहेर, सोनेरी खुर्चीत, कप्तान सनूसी हवेत आले.

मग सातव्या मजल्यावरून इन्शिराहने जीभ नाचवत लग्नातली किलकारी दिली, आणि ती ऐकताच सगळ्या गॅलऱ्यांतून बायका सुटल्या. रस्त्यावरची वाहनं थांबली. ट्रामवाल्याने घंटा वाजवली. कप्तान ताठ बसून हळूहळू उतरत होते आणि हमालांना हुकूम सोडत होते, "डावीकडचे सैल! सावकाश! छान!" सहाव्या मजल्यावर कुणीतरी त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. चौथ्या मजल्याशी ते आणि मोटर समोरासमोर आले. कप्तानांनी हात लांब करून तिला थोपटलं. "आलीस का बाई? जा, जा वर. तुला फार बसवून ठेवलं लोकांनी." दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेल्या चादरी घाईघाईने ओढून घेतल्या. आणि मग खुर्चीचे चार पाय रस्त्याला टेकले, इतके अलगद, जसं मोठं जहाज धक्क्याला लागावं.

वर बयूमीने मोटर अडकवली, मग मी पट्टे सोडले. कप्तान काठीवर भार देऊन उभे राहिले, पायाने जमीन दोनदा चाचपली आणि मला मिठी मारली. बनियनवर सोनेरी बटणं टोचली.

वरून इन्शिराहने माझा कोट फेकला. तो बनियनवरच चढवून मी गाडीत बसलो. शुक्री वकील चालवत होते आणि प्रत्येक चौकात हॉर्न वाजवत होते. सूर्य पाण्यावर टेकायच्या आत आम्ही मंगल कार्यालयापाशी पोचलो. दारात ढोलवाले उभे होते. आतून गाणी ऐकू येत होती. मी कप्तानांना हाताला धरून आत नेलं आणि थबकलो.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. समोर लिफ्ट होती. लिफ्टवर पाटी होती: 'बंद आहे.'

मी पाटीकडे बघत राहिलो. वकीलही बघत राहिले. मी कप्तानांकडे बघायचं धाडस करत नव्हतो. ते मात्र जिन्याकडे बघत होते, काठी घट्ट धरून.

"वग्दी," ते हळूच म्हणाले, "आता?"

मी कोटाची बटणं लावली आणि जिन्याने वर धावलो. तिसऱ्या मजल्यावर शाहंदा मखरात बसली होती. मी धापा टाकत तिच्यापुढे उभा राहिलो आणि सगळी लाज सोडून ओरडलो, "आजोबा खाली आलेत! पण वर येऊ शकत नाहीत!"

तिने वाक्य पुरतं ऐकलंसुद्धा नाही. पांढऱ्या झग्याचा घोळ दोन्ही हातांनी उचलून ती जिन्याकडे सुटली. मागून नवरदेव, त्याच्या मागून सासू, "अगं हळू! अगं पाय!" म्हणत. मौलवी कागदपत्रं पोटाशी धरून कुरकुरत उतरला. ढोलवाले वर येत होते ते वळून खाली आले. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याने न मागता खुर्च्या रस्त्यावर काढल्या, हुक्के बाजूला सारले आणि टेबलावरची चादर झटकली.

भर फुटपाथवर, बस आणि टॅक्स्या हॉर्न वाजवत जात असताना, कप्तान सनूसी खुर्चीत बसले. शाहंदा त्यांच्या पायाशी बसून हसतही होती आणि रडतही होती. नवरदेव समोर आला. मौलवीने हाताला हात जुळवले आणि वर पांढरा रुमाल पसरला.

"साक्षीदार?" त्याने विचारलं.

"हा," कप्तान माझ्याकडे मान वळवून म्हणाले.

"याने शर्ट घातलेला नाही."

"मग?" कप्तानांनी रुमालाखालचा हात तसाच धरून ठेवला. "लग्न ह्याचं आहे का? वाच तू पुढे."